अंड्यांच्या ट्रेमधले टॅपेट

आमच्या आबांना माझं नाव आठवायचं ते फक्त फियाटमध्ये. घरात मी नुसती 'बाई' होते. 'बाई, पाणी द्या.' 'बाई, तुमचं माहेर कुठलं?' कधी फारच आदर दाटून आला तर 'मॅडम'. बापाने मॅडम म्हणावं एवढं मोठं मी काही केलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, हे आता असंच उतरत जाणार, त्यांच्याशी वाद घालू नका. वाद न घालणं आमच्या घराण्यात बसत नाही, तरी मी ते शिकले.

संध्याकाळी मात्र मखमलाबादहून नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारापर्यंत आमची एक फेरी असायची. गाडी मी चालवायची, आबा शेजारी. ही फियाट त्यांनी जुनीच घेतली होती. मागची सीट काढून तिच्यात झेंडूच्या, गुलाबाच्या पाट्या भरायच्या आणि बाजार गाठायचा, असा त्यांचा जन्म गेला. मला चालवायलाही त्यांनी तिच्यातच शिकवलं. गाडी मळ्याच्या फाटकाबाहेर पडली, इंजिनाचा आवाज जरा चढला, की आबा माझ्याकडे वळून बघायचे आणि म्हणायचे, "उजे, हारन काय दागिना हाय का अंगावर मिरवायला? वाजव की!" बस्स. तिथून बाजारापर्यंत मी उज्वला असायचे. सावळीरामची एकुलती एक, हट्टी, कधीही वेळेवर हॉर्न न वाजवणारी पोरगी. आईचा विषय निघायचा, तिच्या हातच्या मिरचीच्या ठेच्याचा निघायचा. परत येताना रामवाडीच्या पुलावर त्यांचा आवाज बारीक व्हायचा आणि घरी उतरताना ते मला विचारायचे, "बाई, तुमचं काय भाडं द्यायचं राहिलंय का?"

मला त्याचंही काही नव्हतं. दिवसातून एकदा बाप मिळत होता. अनेकांना तेवढाही मिळत नाही.

फुलांच्या धंद्याला माझ्याकडे टेम्पो आहे. आबांना त्यातही बसवून पाहिलं. ते शहाण्यासारखे बसले आणि वाटभर मला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणाले. शेजारच्यांच्या नव्या गाडीत बसवलं, तर काच खाली-वर करत राहिले. आमच्या फियाटचाच आवाज लागायचा, तिचाच धक्का, तिचाच पेट्रोलचा वास. म्हणून ती गाडी जेव्हा धूर ओकायला लागली आणि पुढच्या बॉनेटखालून शिलाई मशीन चालावं तसं टकटक ऐकू यायला लागली, तेव्हा तिला भंगारात काढून चालणार नव्हतं. आबांनीच ओळखलं. "टॅपेट वाजतंय उजे. शेखरला दाखव."

शेखरचं गॅरेज पेठ रोडला आहे. माणूस चांगला, हात चांगला, जीभ तिखट. त्याने इंजिन उतरवलं, खोललं आणि मला बोलावून घेतलं. एक वॉल्व्ह जळला होता, एक स्प्रिंग तुटली होती. "ताई, नशीब समजा, वॉल्व्ह आणि स्प्रिंगा माझ्याकडं जुन्या स्टॉकमध्ये पडून आहेत. बाकी सगळं तुमचंच परत बसवू. ब्लॉकचे सिलिंडर बोरिंगवाल्याकडून घासून आले की दसऱ्यानंतर गाडी उभी करतो."

मग त्याने इंजिनातून काढलेले टॅपेट दाखवले. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याला कॅम म्हणतात. त्याच्यावर उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्यावर एकेक टॅपेट बसतो, बोटभर उंचीचा, लोखंडी. दांडा फिरला की टॅपेट वर जातो, तो वरच्या सळईला ढकलतो आणि तिकडे वॉल्व्ह उघडतो. "हे नवरा-बायको आहेत," शेखर म्हणाला. "ज्याचा त्यालाच लागतो. इतकी वर्षं एकमेकांवर घासून बसलेत. अदलाबदल केली तर महिन्याभरात एकमेकांना खाऊन टाकतील." त्याच्या गॅरेजसमोर भुर्जीची गाडी लागते. तिथले रिकामे अंड्यांचे ट्रे आणून त्याने त्यांच्या खळग्यांत टॅपेट ओळीने ठेवले होते आणि प्रत्येक खळग्यावर खडूने आकडा टाकला होता. वरच्या सळया आणि वॉल्व्ह दाबणारे रॉकरही तसेच. "हे घरी न्या. माझ्याकडं भंगारवाले आणि उंदीर, दोघांचंही येणंजाणं आहे."

मी ते ट्रे घरी आणून पडवीतल्या फळीवर ठेवले आणि आत्याला बजावलं, याला हात लावायचा नाही. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, कुसाबाई. तरुणपणी विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. आबांचं न्हाणं, खाणं, रात्रीचं उठणं, सगळं तिच्याच जिवावर चाललेलं. तिने मान हलवली. तिची मान कधी होकाराची असते आणि कधी नुसती असते, ते मला अजून कळलेलं नाही.

खंडेनवमीला मी पहाटेपासून बाजारात होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाल्याला घाम पुसायलाही सवड नसते. दुपारी टेम्पो रिकामा करून घरी आले तर पडवी सारवलेली, रांगोळी काढलेली. पाटावर पितळी परात. तिच्याभोवती विळे, खुरपी, फवारणीचा पंप, माझ्या टेम्पोचा जॅक, सगळी हत्यारं पूजेला मांडलेली. आणि परातीत, मधोमध, फियाटचे टॅपेट. चिंच-राखेने घासून लखलखीत केलेले, हळदकुंकू वाहिलेले, प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी. सळयांची जुडी बांधून तिला लाल दोरा गुंडाळलेला.

शेजारी आबा धूतवस्त्र नेसून बसले होते. ते मन लावून शेवटचे दोन टॅपेट हातात तोलत होते, कुठला कुठे ठेवावा म्हणून. ते तसंच करणार. सगळा जन्म फुलं निवडण्यात गेला. मोठं एकीकडे, मध्यम एकीकडे, डाग पडलेलं खाली. त्यांनी टॅपेटांची प्रतवारी लावली होती. चकचकीत पुढे, झिजलेले मागे.

"आत्या!" मी ओरडले.

ती स्वयंपाकघरातून आली. "वरडती कशाला? घट बसलेत घरात. अन् तू अंड्याचे ट्रे आणून देवाच्या भिंतीला लावती? मी लगेच उकिरड्यावर टाकले. हे समदं बाटलेलं, म्हणून घासून दिलं दादाला. बघ की, कसं मन लावून बसलाय. सकाळधरनं एकदाबी उठला नाय."

"त्यांचा नंबर होता! प्रत्येकाची जागा होती!"

"जागा कुठं पळून गेली? घरातच हायेत ना सगळे?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. "या बाई. पूजेला आल्या का? बसा. आज हत्यारांचा दिवस. आज त्यांच्याकडून काम घ्यायचं नाय, त्यांना इसावा द्यायचा." किती तरी महिन्यांत ते घरात एवढं लांब बोलले नव्हते. मी चप्पल काढली आणि बसले. आत्याने प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं ते खाल्लं. रडायला आलं होतं, पण कोणावर रडायचं तेच ठरेना.

दसरा झाला तसा मी शेखरकडे गेले. त्याने डोळ्याला भिंग लावून टॅपेटांच्या बुडाच्या खुणा कॅमशी जुळवून पाहिल्या. काहींची जोडी लागली. बाकीचे त्याने या उंचवट्यावरून त्या उंचवट्यावर लावून पाहिले आणि शेवटी ताटलीत टाकून दिले. "नाही ताई. देवाला पावले हे, मला नाही पावत."

"तळ घासून सपाट करून घेतले तर?"

"वरचा कडक थर निघून जाईल. खाली नरम लोखंड. लोण्यासारखे झिजतील. आता एकच, कॅम आणि टॅपेट दुसरे शोधा. एकाच इंजिनाचे, जोडीने. नाहीतर कोरे टॅपेट. माझ्या ओळखीत तर कुठं नाहीत."

शोधा म्हणे. मी शोधायला लागले.

शालिमार चौकाजवळच्या दुकानात जुने काका होते, ते फियाटचा स्क्रू नि स्क्रू ठेवायचे, असं सगळे सांगत होते. मी गेले तर काकांचा फोटो हार घालून लावलेला आणि खाली मुलगा मोबाइलचे कव्हर विकत बसलेला. मुंबईच्या एकाने फोनवर 'एकदम ओरिजिनल' म्हणून पार्सल पाठवलं. टॅपेट इतके सुंदर की आत्याने ते बघून हात जोडले. ते निघाले डिझेल फियाटचे, अंगाने जाड. भोकात शिरेचनात. सिन्नरच्या एमआयडीसीत कोणी तरी बनवून देईल म्हणून नमुना घेऊन तिथे गेले. तिथला मॅनेजर भला माणूस, चहा पाजला, नमुना हातात फिरवून पाहिला. "नक्की करून देऊ मॅडम. ड्रॉइंग द्या आणि कमीत कमी हजार नगांची ऑर्डर द्या." हजार टॅपेट घेऊन मी काय त्यांचा झेंडूबरोबर हार गुंफणार होते? पण तो थट्टा करत नव्हता. खरोखरच त्याच्याकडे आठ नगांसाठी मशीन थांबवायची सोय नव्हती. कोणाचीच चूक नसते तेव्हा भांडायचं तरी कोणाशी?

इकडे संध्याकाळ झाली की आबा चप्पल घालून फाटकापाशी उभे राहायचे. सुरुवातीला गाडी कुठेय म्हणून विचारायचे, नंतर नुसतेच उभे राहायला लागले. मी असले तर त्यांना हाताला धरून आत आणायचे. पण मी असायचेच कुठे? सकाळी बाजार आणि दुपारनंतर कोणाचा तरी पत्ता हातात घेऊन कुठल्या तरी गावाला.

एकदा न राहवून मी त्यांना टेम्पोतून शेखरच्या गॅरेजवर नेलं आणि इंजिन नसलेल्या फियाटमध्ये बसवलं. मी स्टिअरिंगवर बसले. आबांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, खूश झाले. "चला." आता काय चला? शेखरला दया आली. त्याने भुर्जीवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मागून गाडी ढकलायला सुरुवात केली. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही एक चक्कर मारली. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं आणि घामाघूम झालेल्या शेखरला ओरडून म्हणाले, "उजे, जोर लाव! जेवली नाय का?"

शेखर दाढीतल्या दाढीत हसला. मीही हसले. मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते 'उजे' माझं होतं, ते त्याला कसं काय मिळालं?

दिंडोरीचा पत्ता शेवटी एका द्राक्षवाल्याने दिला. गोटीराम नावाचा बागाईतदार, त्याच्या वडिलांची फियाट शेडमध्ये बंद पडून आहे. मी गेले. गाडी खरंच होती. द्राक्षाच्या क्रेट्सच्या थप्पीमागे, टायर बसलेले, पण बॉनेट बंद आणि इंजिनाला कोणी हात न लावलेला. शेखरला फोनवर व्हिडिओ दाखवला. त्याने तेल बघायला सांगितलं, मी तेलाची पट्टी ओढून दाखवली. "ताई," तो म्हणाला, "आतलं सगळं तेलात बुडालेलं आहे. हेच. सोडू नका."

गोटीरामने एका शब्दात दिलं. "घेऊन जा ताई. माझ्या बापाच्या नावानं कोणाच्या तरी बापाची गाडी चालू होत असेल, तर अजून काय पाहिजे? फक्त छाटणी उरकू द्या."

छाटणी म्हणजे बागेची ऑक्टोबरातली छाटणी. ज्याने द्राक्ष लावलं त्याला त्या दिवसांत मेलेल्या माणसालाही थांब म्हणून सांगावं लागतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर सोडता येत नाहीत, छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, पेस्ट, पेस्ट झाली की फवारा. शेडमधले क्रेट हलवायला माणूस नव्हता आणि फियाट ओढायचा ट्रॅक्टर फवाऱ्याला जुंपलेला. मी स्वतः शेतकरी. त्याला हट्ट तरी कोणत्या तोंडाने करू? माझा झेंडू तोडणीला असता तर मीही हेच म्हटलं असतं.

तरी मी जात राहिले. गेलं की वाटायचं, आज तरी होईल. एका दिवशी पाऊस आला आणि फवारा दुसऱ्यांदा मारावा लागला. एका दिवशी ट्रॅक्टरचीच क्लच प्लेट गेली. एका दिवशी मी स्वतःच क्रेट उचलायला लागले, तर गोटीरामची बायको मनीषा धावत आली आणि तिने मला घरात नेऊन भाकरी वाढली. मी तिला सांगितलं, माझा बाप मला फक्त गाडीत ओळखतो. तिने भाकरीवर आणखी एक चमचा तूप घातलं आणि मग म्हणाली, "उद्या पाठवते ह्यांना इंजिन घेऊन. तुम्ही नका येऊ, तुम्ही घरी थांबा वडिलांपाशी." पण दुसऱ्या दिवशी मजूर पळाले, कोणी तरी जास्त मजुरी दिली म्हणून.

घरी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. आबा झोपलेले असायचे. आत्या विचारायची, "झालं का?" मी म्हणायचे, "उद्या."

दिवाळी गेली. भाऊबीजेनंतर गोटीरामने स्वतः ट्रॉलीत घालून इंजिन पेठ रोडला आणून टाकलं. शेखरने कॅम आणि टॅपेट काढले, पुसले, उजेडात धरले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मिठाई मागितली. यावेळी त्याने एकही वस्तू गॅरेजबाहेर जाऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मी सुरू केली. तोच आवाज. टकटक गेलेली, बाकी सगळं जसंच्या तसं, तोच खालचा गुरगुर सूर. शेखर म्हणाला, "जा, आता इथं रडू नका, गिऱ्हाईक बसलेत."

मी घरापर्यंत हॉर्न वाजवत आले. रस्त्यावर कोणी नसतानासुद्धा वाजवला.

आबा फाटकापाशीच होते. गाडी दिसली आणि त्यांचा चेहरा उघडला. त्यांनी पुढे येऊन बॉनेटवर तळवा ठेवला, इंजिनाची थरथर हातात घेतली. "आमची गाडी!" ते आत्याला म्हणाले. "कुसा, बघ, आमची गाडी आली!" आत्या पायरीवर उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी आतून दार उघडलं. आबा बसले, दार दोनदा आपटून नीट लावलं, कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. "टॅपेट बेस बसलेत."

घाईत मला गिअर सापडेना. मी पहिला टाकला. गाडी हातभर हलली असेल, तेवढ्यात आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा बाई. कुठं चालल्या?"

"फुलबाजारात. फेरी मारायला, आबा."

"अशी कशी मारायची? उजा येऊ द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याशी फार समजुतीने बोलत होते.

"माझी पोरगी हाय. पार्ट आणायला गेलीय दिंडोरीला. या गाडीसाठीच ती वणवण करती बिचारी. अन् ती यायच्या आधीच आपण गाडी नेली, तर तिला काय वाटंल?"

पायरीवरून आत्याचा आवाज आला, अपराध्यासारखा. "मीच सांगायचे त्याला, उजे. तू घरी नसायची, हा फाटक सोडायचा नाय. मंग मी म्हणायचे, उजा पार्ट आणायला गेली, येईल आता. तेवढ्यानं ऐकायचा."

"आबा," मी म्हणाले, "मीच उजा. मी आले. पार्ट मिळाले."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं. "तुमचंबी नाव उजाच का?" ते म्हणाले. "बरं हाय. चांगलं नाव हाय." मग काच खाली करून, खिडकीच्या कडेवर कोपर टेकून त्यांनी दिंडोरीकडच्या रस्त्याकडे तोंड केलं. "येईलच आता. लय येळ नाय लागायचा. तुम्ही पण बसा."

मी इंजिन बंद केलं आणि त्यांच्याबरोबर तिची वाट बघत बसले.